हात लावला होतात का?

नरपडच्या त्या घराचा भाडेकरार सात पानांचा होता आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती, 'घरातील सर्व नळ, दिवे, पंखे व कड्या चालू स्थितीत मिळाल्या.' मी पेन काढलं आणि खाली सही केली. घरमालकांनी कागद माझ्या हातातून घेतला, सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हात लावला होतात का?"

"कशाला?"

"नळांना."

मी हसून म्हटलं, "काका, चालूच असतील की." त्यांनी ते पान शांतपणे चार तुकड्यांत फाडलं, तुकडे बंडीच्या खिशात घातले आणि आत निघून गेले. मला वाटलं, घर हातचं गेलं. पण ते दुसरी प्रत घेऊन बाहेर आले आणि पुढचा पाऊण तास आम्ही घरभर हिंडलो. प्रत्येक नळ मी सोडायचा, मीच बंद करायचा. प्रत्येक दिव्याचं बटण, प्रत्येक दाराची कडी. मोरीतला नळ ठिबकत होता. तो सापडल्यावर ते इतके खूश झाले की मला वाटलं आता पेढे देतात. कागदावर 'मोरीतला नळ वगळून' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मगच मला सही करू दिली. दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला, तेव्हा नवा कागद आणि पुन्हा सही. माझा नवरा म्हणाला, "माणूस वेडा आहे, पण घर चांगलं आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

हे २०१४ सालचं. काकांना तेव्हा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. रेल्वेत ते गाड्या तपासायचे. गाडी स्टेशनात किंवा यार्डात आली की तिच्या कडेने चालत जायचं, चाकं, ब्रेक पाहायचे, आसांच्या टोकांच्या पेट्या तापल्यात का ते हात लावून पाहायचं आणि सगळं ठीक असेल तर कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय गाडी पुढे जात नाही. इंजिनाचा ड्रायव्हर सगळ्यांना दिसतो, गार्डही दिसतो. हा माणूस कोणाला दिसत नाही, कारण तो सदा वाकलेला असतो. अशी छत्तीस वर्षं वाकून काढल्यावर काकांनी नरपडला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं, मागे चिकूची नऊ झाडं लावली आणि उरलेल्या जगाची तपासणी सुरू केली.

तपासायचं ते उजव्या हाताच्या मागच्या बाजूने. तळहात कधीच नाही. "तळहात राबलेला असतो बाई, त्याला निम्मं कळत नाही. मागची बाजू अजून कोवळी आहे." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणत. त्या मागच्या बाजूने ते कुकर पाहायचे, विजेचा मीटर पाहायचे, पाण्याचा पंप पाहायचे, काकूंचं कपाळ पाहायचे. काकू मूळच्या उंबरगावच्या, गुजराती वळणाचं मराठी बोलणाऱ्या. त्या म्हणायच्या, "लग्नात माझ्या गळ्यात हार घातला ने, तेव्हा पण पहिला हात मागून लावून बघितला. मला वाटलं, बापरे, ताप बघतो की काय." काकांना ही तक्रार वाटतच नसे.

दाराशी, रेल्वेची चाकं ठोकून बघतात तो लांब दांड्याचा छोटा हातोडा टेकवलेला असायचा. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना घड्याळ देतात, यांनी मागून हा घेतला होता. त्याने ते नारळ ठोकून बघत, पाण्याची टाकी ठोकून बघत, शेजाऱ्याने नवी भिंत बांधली तर ती ठोकून बघत आणि शेजाऱ्याने न विचारताच आतून कुठे पोकळ आहे ते सांगत. शेजारी रागावत. भिंतीला पुढच्या पावसाळ्यात तिथेच फुगारा आला की आणखी रागावत.

पण सगळ्यात मोठी गंमत संध्याकाळी घराच्या फाटकापाशी असे. येणाऱ्या गाडीची चाकं थांबल्यावर पाहण्यापेक्षा फिरत असताना पाहावीत, असं त्यांचं म्हणणं. रेल्वेत त्यासाठी माणूस रुळाच्या कडेला उकिडवा बसतो आणि गाडी आत येताना प्रत्येक चाकाचा आवाज ऐकतो. काका फाटकाच्या आत तसेच बसत. गल्लीत कोणाची स्कूटर आली, रिक्षा आली, गॅसच्या सिलिंडरची गाडी आली, तरी हे उकिडवे, मान तिरकी, डोळे जमिनीलगत. नवे पाहुणे घाबरत. त्यांना वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

२०१५च्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. तोवर मी तलासरी तालुक्यातल्या माझ्या शाळेत एसटी आणि काळ्या-पिवळ्या जीपने जायचे आणि दहावीचा गणिताचा पहिला तास महिन्यातून चारदा तरी बुडवायचे. अकरा वर्षं मी हे केलं. गाडी ही माझ्यासाठी चैन नव्हती, ती माझी नोकरी होती. हार घातलेली गाडी फाटकातून आत घेतली, तर काका उकिडवे. मी उतरले. काका चारही चाकांपाशी गेले, हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येकाचा मध्यभाग चाचपला आणि म्हणाले, "बराबर." काकूंनी ओवाळलं, पण मला त्या दिवसाचं 'बराबर' जास्त आठवतं.

नऊ महिन्यांत पुढचे ब्रेकपॅड संपले. हायवेवर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर होतं. काचेची खोली, थंड हवा, मशीनची कॉफी. तिथला सल्लागार टाय लावलेला, बोलण्यात अतिशय गोड. "मॅडम, पॅड तर चाळीस हजार किलोमीटरपर्यंत जातात. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवत असाल. लेडीज लोकांचं होतं असं." मला राग आला. पॅड बदलून घेतले आणि आले.

पुढच्या सात महिन्यांत पुन्हा तेच. या वेळी नवराही म्हणाला, "तुझा पाय जडच आहे जरा." तो पालघरला बँकेत, ट्रेनने जाणारा, त्याने ती गाडी वर्षभरात दहा वेळा चालवली असेल. तरी मला ते पटलं, कारण दोन माणसं तेच म्हणत होती आणि एकाच्या गळ्यात टाय होता. मी चप्पल काढून अनवाणी गाडी चालवायला लागले. समोर कागद चिकटवला, 'पाय!' शाळेतली मुलं तो वाचून हसायची.

काका मात्र रोज संध्याकाळी एकच सांगत होते, "बाई, डावं पुढचं गरम आहे." मी ते मनावर घेतलं नाही. ज्या माणसाला बायकोचं कपाळ, शेजाऱ्याचा पंप आणि दूधवाल्याची स्कूटर, सगळंच गरम लागतं, त्याचं किती ऐकायचं? तरी एकदा मी सल्लागाराला सांगितलं. तो म्हणाला, "उन्हात उभी असेल मॅडम." मी त्यावरही विश्वास ठेवला. गणित शिकवणारी बाई मी, आणि सूर्य गाडीच्या एकाच चाकावर कसा पडतो हे विचारलं नाही.

मग २०१७च्या डिसेंबरात ते झालं. कोसबाडच्या टेकडीजवळून तलासरीकडे आतला रस्ता जातो, त्यावर एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी ओढ्यावरची मोरी. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. मी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे, त्या बाईकडे ओढली गेली. थांबली तेव्हा भाऱ्यातली गवताची काडी बॉनेटला टेकली होती. त्या बाईने भारा सावरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कडेने निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. माझ्या पायाने आज एक माणूस मेलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सर्व्हिस सेंटरने तिसऱ्यांदा पॅड बदलले. गाडी घरी आली आणि मी तिला हात लावला नाही. नवऱ्याने गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. गाडी नाही म्हणजे शाळा नाही. जीपचे ते दिवस पुन्हा काढायची ताकद माझ्यात नव्हती. मी राजीनामा लिहिला. सोमवारी मुख्याध्यापकांना द्यायचा होता. त्याआधी पुढचं भाडं उशिरा मिळेल वगैरे सांगायला मी काकांकडे गेले आणि कशी कोण जाणे, तो कागदच त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. " 'प्रकृतीच्या कारणास्तव.' काय झालं प्रकृतीला?"

"काही नाही काका. असंच लिहितात."

त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि बंडीच्या खिशात घातले. मी तेरा वर्षांची नोकरी सोडायला निघाले होते, आणि या माणसाला खटकलं काय, तर कारण खोटं होतं हे.

"पायाचा दोष आहे, हे कोणी पाहिलं?"

"सगळे म्हणतात."

"म्हणतात ते राहू द्या. पाहिलं कोणी? उद्या रविवार. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत माझ्या शेजारी बसले. पट्टा लावला, बूट काढले आणि दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला टेकवले. मी म्हटलं, "काका, आरामात बसा, झोप लागली तरी चालेल." ते म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीत मी डोळे मिटत नाही. छत्तीस वर्षांत प्रवासात झोपलो नाही. काकूंना विचारा." पूर्ण रस्ताभर ते माझ्या पायाकडे पाहत होते. एका परपुरुषाने, तेही सत्तरीकडे झुकलेल्या, दीड तास आपल्या पायाकडे टक लावून पाहावं, हा अनुभव मला नवा होता. मधून मधून ते वहीत काहीतरी लिहीत. त्या उतारावर मी स्टिअरिंग घट्ट आवळलं. त्यांनी तेही लिहिलं असावं.

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली. "सांगू?" ते म्हणाले. "तुमचा पाय दोन ठिकाणी उगाच ब्रेकवर जातो. एक त्या मोरीपाशी, ते भीतीने. आणि एक चिंचेच्या वळणावर, ते सवयीने. बाकी पाय चांगला आहे."

मला वाईट वाटलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बाई, तुमचं काहीच चुकत नाही. ते उतरले, चाकांभोवती फिरले आणि मलाही हात लावायला लावला. तीन चाकं कोमट होती. डाव्या पुढच्याला मी हाताची मागची बाजू टेकवली आणि झटक्यात काढून घेतली.

"आता सांगा गणिताच्या बाई," काका म्हणाले. "पाय किती?"

"एक."

"चाकं?"

माझा एक पाय चारही चाकांचे ब्रेक एकदम लावतो. पायाचा दोष असता तर निदान पुढची दोन्ही चाकं सारखी तापली असती. तापत होतं एकच, आणि ते दोन वर्षं तापत होतं, आणि दोन वर्षं हा माणूस रोज मला ते सांगत होता. शाळेच्या बंद फाटकासमोर, भर उन्हात, मला रडू आलं. काका दुसरीकडे तोंड करून चिंचेच्या झाडाला हाताची मागची बाजू लावून पाहू लागले.

मी म्हटलं, "काका, तुम्हीच खोला ना चाक." ते म्हणाले, "माझं काम बघायचं. खोलायचं काम ज्याचं आहे, त्याने खोलावं." त्यांनी तक्रार लिहून दिली, 'डावे पुढचे चाक ब्रेक न लावताही गरम होते, खोलून पाहावे.' आणि गाडी सर्व्हिस सेंटरला द्यायच्या आदल्या संध्याकाळी ते पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणि काडीपेटी घेऊन आले. चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्या आणि काडीच्या टोकाने प्रत्येक नटावरून चाकापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. सोळा नट, सोळा रेघा. मग टोप्या पुन्हा बसवल्या. "नट फिरला तर रेघ तुटेल," एवढंच म्हणाले.

दिवसभर गाडी तिकडे होती. संध्याकाळी कागद मिळाला. चारही चाके काढून ब्रेक साफ केले, ग्रीस केले, दोष आढळला नाही. ग्राहकाने चालवण्याची पद्धत सुधारावी. खाली सही. मी तो कागद फाटकातच काकांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला नाही. टोपी काढली. मग दुसरी, तिसरी, चौथी. सोळाच्या सोळा रेघा जशाच्या तशा होत्या.

मला वाटलं ते चिडतील. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, तरी घेतला नाही. समोरचा कप गरम आहे की गार, हे त्यांनी हात लावून पाहिलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. मी रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. सल्लागाराने संगणकात पाहिलं. "सर, काम झालेलं आहे. सिस्टीममध्ये दाखवतंय."

काकांनी विचारलं, "सिस्टीमने हात लावला होता का?"

तो हसला. काका हसले नाहीत. ते त्याला गाडीपाशी घेऊन गेले, टोपी काढली आणि रेघ दाखवली. काय आहे ते त्याला समजायला वेळ लागला, पण मागे उभ्या असलेल्या मेकॅनिकला लगेच समजलं. चाळिशीचा, तलासरीकडचाच माणूस, कागदावर सही त्याची. त्याने मान खाली घातली. मी भाषणाला सुरुवात केली, "तुमच्यामुळे काय झालं असतं, माहितेय?" तर काकांनी हात वर करून मला थांबवलं. मुलांना मी गप्प करते तसंच.

"दिवसाला गाड्या किती?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"बारा-तेरा येतात."

"आणि माणसं?"

"दोघंच आहोत. वरून सांगतात, चारला गाडी बाहेर पाहिजे."

"बरं. आता खोला. मी बसतो. घाई नाही."

त्यांनी तिथेच बैठक मारली, उकिडवी. मेकॅनिकने चाक काढलं. चाकाच्या तबकडीला दोन पॅडनी आवळणारा ब्रेकचा जबडा दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यातली खालची पिन गंजून घट्ट बसली होती, तिच्यावरचं रबर फाटलं होतं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेला तेवढी फट पुरते. पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. गाडी दोन वर्षं एक चाक आवळून धावत होती. महिन्यापूर्वी बसवलेल्या दोन पॅडपैकी आतला एवढ्यातच झिजू लागला होता, बाहेरचा कोरा होता. मेकॅनिकने दोन्ही तळहातावर घेतले आणि बराच वेळ पाहत राहिला. "तीन वेळा पॅड मीच बदलले," तो म्हणाला. "पिन एकदाही हलवून बघितली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमच्या पायाचं काही नाही. चूक माझी आहे." सल्लागार त्याला डोळ्यांनी खुणावत होता, पण तो बोलून बसला होता.

पिन नवी बसली. काकांनी व्यवस्थापकाकडून जुना कागद रद्द करून नवा लिहून घेतला, त्यात काय सापडलं ते सगळं आलं. 'चालवण्याची पद्धत' हे शब्द त्यांनी स्वतः उभं राहून काढायला लावले. पण मेकॅनिकविरुद्ध तक्रार काही करू दिली नाही. परतताना मी धुमसत होते. "काका, त्याने खोटी सही केली. एक बाई मेली असती. आणि तुम्ही त्याला घाई नाही म्हणता?"

काका समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी पण केली होती बाई."

नोकरीचं तिसरं वर्ष. गुजरातेतलं एक यार्ड, दिवाळीचा आदला दिवस, एकामागून एक मालगाड्या. जोडीदार पलीकडच्या बाजूने येऊन म्हणाला, माझ्याकडचं सगळं बघितलंय, कर सही. यांनी केली. साठ किलोमीटरवर एका डब्याचा आस तापून जाम झाला आणि डबा रुळावरून उतरला. गार्डचा डावा हात गेला. चौकशीत जोडीदार म्हणाला, मी असं बोललोच नाही. काका म्हणाले, सही माझी आहे.

"त्या गार्डला भेटायला दवाखान्यात गेलो. वाटलं, शिव्या देईल. त्याने काही दिल्या नाहीत. फक्त विचारलं, 'हात लावला होतास का?' " काकांनी उजवा हात उलटा करून पाहिला. "दुसऱ्याच्या शब्दावर मी तेवढी एकच सही केली. आता त्या माणसाला मी काय बोलू?"

त्या चिंचेच्या वळणावर माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला. या वेळी त्यांनी वही काढली नाही.

मी या माणसाला तीन वर्षं हसत होते. नवऱ्याला त्यांच्या नकला करून दाखवत होते. त्या दिवसानंतर मला ती नक्कल करता आली नाही. आपल्या एका चुकीसाठी माणसं देवाला नवस बोलतात, दारू पितात, नाहीतर विसरून जातात. या माणसाने ती आपल्या उजव्या हाताच्या मागे बांधून घेतली आणि चाळीस वर्षं जगभर टेकवत हिंडला. एवढं मोठं मी जवळून दुसरं काही पाहिलेलं नाही.

मी गाडी चालवत राहिले. रोज फाटकात उतरले की मीही चार चाकांना हाताची मागची बाजू लावायला लागले. काका मी लावल्यावर पुन्हा लावायचे. माझ्या शब्दावर त्यांनी एक दिवसही सोडलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. आमच्या मेकॅनिकनेच पुढे एकदा सांगितलं की तोही आता हात लावतो, आणि त्यामुळे गाड्या चारला बाहेर जात नाहीत, आणि त्यामुळे तो रोज बोलणी खातो.

२०१९च्या उन्हाळ्यात, सकाळच्या शाळेचे दिवस होते, मी दीडला घरी आले होते, आणि काका त्या दिवशी फाटकाशी नव्हते. तीनच्या सुमारास काकूंची हाक आली. काका बाहेरच्या पायरीवर बसले होते, घामाने बंडी ओली, डावा हात छातीशी. त्यांचे दिवे, पंखे, नळ, सगळं चालू होतं, फक्त तेच चालत नव्हते. फोनवर डॉक्टर म्हणाले, थांबू नका, वापीला न्या. मी गाडीची किल्ली घेतली. काकूंनी आणि मी त्यांना धरून फाटकापर्यंत आणलं. गाडीपाशी आल्यावर ते थांबले आणि सवयीने वाकायला लागले. वाकता येईना.

मान न वळवता त्यांनी विचारलं, "हात लावला होतात का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. काकू ओरडत होत्या, "हो सांग ने, लवकर." पण दीड वाजता मी तीन चाकांना हात लावला होता आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला होता.

"तीन चाकांना लावला काका. मागचं उजवं राहिलं."

"मग लावा," ते म्हणाले. फाटकाला टेकले. "मी थांबतो."

मी पलीकडे धावले, वाकले, हात टेकवला. "गार आहे काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाटक सोडलं आणि चाकाकडे न बघता मागच्या सीटवर काकूंशेजारी जाऊन बसले.

वापीच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, आठव्या दिवशी ते घरी आले, आणि आल्या आल्या फाटकाची कडी दोनदा लावून पाहिली, हे सगळं नंतरचं. मला आठवते ती त्या दुपारची वाट. कोसबाड मागे पडलं, तो उतार आला, खाली ती मोरी दिसली. माझा पाय ब्रेककडे गेला नाही. मी आरशात पाहिलं. काकूंनी त्यांचा हात धरला होता आणि त्या माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवत होत्या. काकांचा श्वास संथ चालला होता. त्यांनी डोळे मिटले होते.